मी तिथे नव्हतो

कायद्याच्या महाविद्यालयात फौजदारी न्याय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी ‘शंकासुर’ असे नाव ठेवले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. तास संपत आला की खडूने माखलेली बोटे झटकीत ते चष्म्याच्या वरून वर्गाकडे पाहत आणि एकच शब्द उच्चारीत, “शंका?” एकही हात वर गेला नाही तर त्यांचा चेहरा पडे. “ज्याला शंका येत नाही त्याने वकिली करू नये, न्यायाधीश तर मुळीच होऊ नये. त्याने फार तर फाशी देणाऱ्याची जागा रिकामी आहे का पाहावे,” असे ते म्हणत. वर्ग हसे. ते हसत नसत.

त्यांची शिकवण्याची रीत सगळ्या शहराच्या वकीलमंडळींत प्रसिद्ध होती. साक्षीपुराव्याचा विषय निघाला की ते फळ्यावर तीन शब्द लिहीत: पाहिले, ऐकले, वाटले. मग फडके घेऊन तिसरा शब्द असा निगुतीने पुसत की त्याचा पांढरा डागसुद्धा फळ्यावर राहू नये. “साक्षीदाराला काय वाटले ते त्याने घरी जाऊन बायकोला सांगावे. न्यायालयाला त्याच्याशी कर्तव्य नाही.” पुढे नावारूपाला आलेले कित्येक वकील उलटतपासणीला उभे राहताना मनातल्या मनात तो शब्द पुसून घेत असत, असे त्यांनीच येऊन सांगितले होते.

ही शिस्त त्यांनी बाळकडूतूनच घेतली होती. त्यांचे वडील न्यायालयाच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली टंकयंत्र मांडून लोकांचे अर्ज टंकून देत. शाळा सुटली की दोघे मुलगे तिथेच बसत. थोरला कार्बनच्या खालच्या फिकट प्रती वाचत बसे, आणि वडिलांची पाठ वळली की धाकटा यंत्राचा एखादा खिळा सैल करून पाही. “एक कागद खातो आणि एक लोखंड. माझ्या वाट्याला जेवणारा मुलगा एकही नाही,” असे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. पुढे झालेही तसेच. थोरला कायद्याचा प्राध्यापक झाला, आणि धाकट्याने लेथ यंत्र टाकून सुटे भाग कातून देण्याचा लहानसा कारखाना काढला. वडिलांच्या मागे दोघांचे सूत चांगले जमले होते. धाकटा कारखाना बंद करून वरचेवर थोरल्याकडे येई, वहिनीच्या हातचे गरम जेवी, आणि “दादा, आज कुणाला सोडवलंस?” म्हणून थट्टा करी. थोरलाही म्हणे, “मी कोणाला सोडवत नाही, रे. सोडवणारे तयार करतो.”

कारखान्याला लागून लाकडी खोक्यांचे एक गोदाम होते. गोदामवाला आपली खोकी कारखान्याच्या खिडकीपर्यंत रचून ठेवी, त्यामुळे आत भर दुपारी दिवा लावावा लागे. यावरून धाकट्याची आणि त्याची रोज बोलाचाली. धाकटा मुळात जिभेचा तिखट. एकदा रस्त्यावर चार माणसांदेखत तो ओरडला, “एक दिवस काडी लावीन तुझ्या खोक्यांना!”

आणि एका संध्याकाळी ते गोदाम खरेच पेटले. राखणदार आतला पंप वाचवायला गेला आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. धाकटा त्या संध्याकाळी कारखाना बंद करून थोरल्याकडे जेवायला आला होता. तो जेवून जिना उतरतो न उतरतो तोच आगीची बातमी आली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला घरून नेले. आग लावून, भावाकडे जेवायला बसून, त्याने आपण नामानिराळे असल्याचा देखावा केला, असा त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला.

खटला चालला. प्राध्यापकांनी आपल्या हुशार विद्यार्थ्यांपैकी एकाला भावाचा वकील नेमले, त्याला मुद्दे काढून दिले आणि स्वतः मात्र न्यायालयात पाऊल टाकले नाही. आपल्या उपस्थितीचे दडपण कोणावर येऊ नये, हे त्याचे कारण. तो वकीलही गुरूला शोभेल असाच लढला. चहावाल्याने ‘काडी लावीन’ हे शब्द ऐकल्याची साक्ष दिली, तेव्हा तो उठून म्हणाला, “‘काडी लाव त्या नोकरीला’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक कारकुनाला आगीच्या आरोपाखाली धरायचे ठरले, तर सगळ्या कचेऱ्या ओस पडतील.” न्यायाधीशांनाही हसू आवरले नाही. प्रत्यक्ष आग लावताना पाहिलेला माणूस कोणीच नव्हता. धाकटा सुटला.

सुटला तो न्यायालयातून थेट थोरल्याच्या घरी आला, मागोमाग त्याची बायको. खटल्याच्या काळात त्याचे गाल बसले होते आणि शर्ट खांद्यावरून लोंबत होता. दारातच तो म्हणाला, “दादा, सुटलो.”

प्राध्यापकांना आनंद झाला नाही असे नाही. त्यांनी त्याला हाताला धरून आत घेतले, खुर्ची पुढे केली. पण तोंडातून शब्द निघाले ते असे: “निकालातली भाषा काय आहे? निर्दोष म्हटलंय, की संशयाचा फायदा दिलाय?”

धाकटा बसता बसता थांबला. “संशयाचा फायदा, असं काहीतरी वाचलं त्यांनी. का? त्यात कमीजास्त असतं?”

“कायद्याच्या दृष्टीनं नसतं.”

“मग कुठल्या दृष्टीनं असतं?” धाकट्याच्या बायकोने विचारले. ती एरवी मोठ्या दिरांपुढे फारसे बोलत नसे.

वहिनी स्वयंपाकघरातून पाण्याचे तांबे घेऊन आली आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, “अहो, घरचं माणूस घरी आलंय. परीक्षेचे पेपर नंतर तपासा.” सगळे हसले आणि प्रश्न तेवढ्यापुरता टळला.

पण तो टळणारा नव्हता. आपल्या भाषेत न्यायाधीशाच्या मनातल्या संशयाला आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांतल्या संशयाला शब्द एकच आहे. न्यायाधीशांनी लिहिले की आम्हाला संशय वाटतो, म्हणून सोडतो. लोकांनी त्यातले ‘संशय’ तेवढे उचलले. धाकट्याकडे येणारे काम आटले. जुनी गिऱ्हाइके “सध्या मंदी आहे” म्हणत आणि तीच कामे दोन गल्ल्या पलीकडे नेत. कारखानदारांच्या संघटनेत त्याचे सभासदत्व काढून घ्यावे असा ठराव येऊ घातला. तेव्हा तो पुन्हा थोरल्याकडे आला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

“दादा, सभेला चल. वकिलाचं कोण ऐकतो, त्याचं तोंड भाड्याचं. तुझं नाव सगळ्यांना माहीत आहे. उभा राहा आणि एकच वाक्य म्हण, माझ्या भावानं हे केलेलं नाही. बस्स. मला दुसरं काही नको.”

“येईन,” प्राध्यापक म्हणाले.

ते गेलेही. संघटनेचे सभागृह म्हणजे एका बँकेच्या वरचा लांबट दिवाणखाना होता. लोखंडी घडीच्या खुर्च्या, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी, आणि तेलाने काळी पडलेली नखे असलेली माणसे. प्राध्यापकांनी उभे राहून फार सुरेख भाषण केले. आरोप म्हणजे अपराध नव्हे, सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो, सुटलेल्या माणसाला समाजाने दुसरी शिक्षा देऊ नये, हे त्यांनी असे सोपे करून सांगितले की माणसे माना डोलवू लागली. धाकटा पहिल्या रांगेत बसून एकटक पाहत होता. इतक्यात मागून एक दणदणीत आवाजाचा ओतारी उठला.

“प्राध्यापकसाहेब, कायदा राहू द्या. तो आम्हाला काय कळतो? तुम्ही भाऊ आहात. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. त्यानं केलं, का नाही केलं?”

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ज्या संध्याकाळी आग लागली त्या संध्याकाळी धाकट्याच्या शर्टाला घासलेटाचा वास येत होता. शेजारी बसून जेवताना तो त्यांच्या नाकाला लागला होता. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. त्या वासाने काही सिद्ध होत नव्हते. पण ‘नाही केले’ असे म्हणायचे, तर ते कशाच्या आधारावर? त्यांनी काय पाहिले होते? काय ऐकले होते?

“मी तिथे नव्हतो,” ते म्हणाले.

उत्तर अचूक होते. कोणत्याही न्यायालयात त्याला हरकत घेता आली नसती. ओतारी “हां, समजलं” म्हणून खाली बसला, आणि ते ‘समजलं’ खुर्च्याखुर्च्यांवरून पुढे सरकत गेले. धाकटा उठला. तो रागावलेला दिसला नाही. त्याने आपली खुर्ची घडी करून भिंतीशी नीट उभी केली आणि तो जिना उतरून गेला.

घरी आल्यावर प्राध्यापकांनी पत्नीला घडले ते सांगितले, वासाचेही सांगितले. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

“घासलेटाचा वास? अहो, तो रोजच यायचा घासलेटाचा वास घेऊन. सुटे भाग घासलेटात धुतात ना ते? त्या दिवशी अत्तराचा वास आला असता तर संशय घ्यायचा!”

“ते मला माहीत आहे. पण नक्की कसं म्हणणार?”

“नक्की म्हणून तुम्हाला विचारलंच कुठे होतं कोणी?” ती म्हणाली आणि पुन्हा मळू लागली. “तुम्हाला काय वाटतं, एवढंच तर विचारलं होतं.”

धाकट्याने कारखाना विकला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नवी वस्ती झाली होती, तिथे भाड्याच्या गाळ्यात त्याने लेथ बसवले. त्याने थोरल्याशी भांडण केले नाही, अबोला धरला असेही म्हणता येणार नाही. तो येईनासा झाला, इतकेच. वहिनीची चौकशी तो करी. कोणाच्या लग्नकार्यात भेट झाली तर “काय दादा, बरा आहेस ना?” म्हणे आणि उत्तर ऐकायला थांबत नसे.

प्राध्यापकांच्या कीर्तीचा आलेख मात्र चढत गेला, आणि यातली विचित्र गोष्ट अशी की तो चढला तो याच प्रकरणाच्या जोरावर. त्यांनी एक प्रदीर्घ लेख लिहिला. निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द घालणे अन्यायाचे आहे; माणूस एक तर दोषी असतो, नाही तर निर्दोष; मधला जिना कायद्याने बांधलेला नाही, तो लोकांनी बांधला आणि न्यायालयांनी त्याला कठडा लावून दिला, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेख गाजला. त्याचा ग्रंथ झाला. सुधारणा समितीवर त्यांची नेमणूक झाली, नव्या न्यायाधीशांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांना दूरदूरहून बोलावणी येऊ लागली, आणि काही न्यायाधीशांनी ते शब्द खरोखरच टाकून दिले. कुठल्या तरी अनोळखी गावात कोणी अनोळखी माणूस ‘निर्दोष’ हा शब्द ऐकून घरी जात असेल, या विचाराने त्यांना समाधान वाटे. मग ते समाधान हळूच आंबट होई. ग्रंथाची पहिली प्रत हातात आली तेव्हा पत्नीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “हे त्याला नेऊन देणार?”

“त्याला कायद्याची भाषा कळणार नाही.”

“मग त्याला कळेल अशा भाषेत जाऊन सांगा. एका वाक्याचं तर काम आहे.”

ते “हो” म्हणाले. पण आधी परीक्षा होत्या, नंतर समितीची बैठक होती, आणि त्यानंतर इतका काळ लोटला होता की जायचे तर काय म्हणून जायचे, असा प्रश्न पडू लागला. दिवस नेहमीच दुसऱ्या कोणाचा तरी असे. पत्नीने एकदा शेवटचे विचारले ते तिच्या आजारपणात. उशीला टेकून बसली असताना, काही संदर्भ नसताना ती म्हणाली, “आणि समजा, त्यानं केलंच असतं, तर? तुमचा भाऊ राहिला नसता तो?” या शंकेचे उत्तर त्यांच्या कोणत्याच ग्रंथात नव्हते. ती गेली तेव्हा धाकटा आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला, डोळे पुसले आणि कोणी बस म्हणण्याच्या आत निघून गेला.

सेवानिवृत्तीनंतर घर फार मोठे झाले. सकाळी उठून फिरायला जावे, येताना वर्तमानपत्र आणावे, त्यातले निकाल वाचून समासात खुणा कराव्यात, असा क्रम त्यांनी आखून घेतला. अशाच एका सकाळी भावजयीचा दूरध्वनी आला.

“भाऊजी, यांना बरं नाही. डावी बाजू गेली आहे. बोलतात, पण दमतात. यांनी बोलवा म्हटलेलं नाही, मीच सांगते आहे. येऊन जा.”

ते त्याच दिवशी गेले. बसमध्ये बसल्यावर ते वाक्य मनात घोळवीत होते. आयुष्यभर ज्यांनी लाखो शब्द बोलून दाखवले, त्यांना एक वाक्य पुन्हा पुन्हा जुळवावे लागत होते. ‘मला वाटतं’ ने सुरुवात करावी, की नको? शेवटी त्यांनी ते काढून टाकले. नुसते ‘तू केलेलं नाहीस’ हेच बरे.

वस्ती आता जुनी झाली होती. खाली दुकाने, वर खोल्या. धाकट्याच्या घराखाली एका शिंप्याचे दुकान होते, त्याला पत्ता विचारून ते वर गेले. धाकटा खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. उजवा हात पांघरुणावर होता, त्या हाताची बोटे अजून दणकट दिसत होती.

“ये, दादा. कुणाला सोडवलंस आज?” जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

प्राध्यापकांना बसायलाही धीर निघाला नाही. “तुला सांगायला आलोय. फार उशीर केला. त्या दिवशी सभेत मी...”

धाकट्याने उजवा हात वर केला. वर्गात कोणी शंका विचारण्यासाठी करतो तसा नव्हे, रस्त्यावर गाडी थांबवण्यासाठी करतात तसा.

“नको, दादा.”

“ऐकून तर घे.”

“तेव्हा बोलला असतास, तर ती साक्ष झाली असती.” तो दम घ्यायला थांबला. “आता बोलशील ती माफी. आणि माफी कुणाला देतात, ते तूच शिकवलंस पोरांना. मी काही केलं नव्हतं. मला माफी कशाला?”

“माफी मी मागायची आहे.”

“मग ती माग. माझ्या निर्दोषपणाची गोष्ट त्यात आणू नकोस.” आणि एवढे बोलून जणू काम उरकले अशा स्वरात तो बायकोला म्हणाला, “अगं, दादाला चहा. साखर कमी. वहिनी त्याला कमीच द्यायची.”

चहा झाला. प्राध्यापकांनी माफी मागितली. ती त्यांना नीट जमली नाही, कारण तिची त्यांनी तयारीच केली नव्हती. धाकट्याने मान हलवली. मग तो थोडा वेळ जुन्या टंकयंत्राविषयी बोलला आणि बोलता बोलता त्याला झोप लागली. भावजय दारापर्यंत आली. “आलात, बरं झालं,” ती म्हणाली. “इथं सगळं चांगलं आहे. माणसं फार मानतात यांना. खालच्या शिंप्याचं यंत्र हेच नीट करून द्यायचे.”

ते जिना उतरले तेव्हा छातीत ते वाक्य तसेच अडकून होते, इतकी वर्षे होते त्याहून जड. शिंपी दुकानाच्या उंबरठ्यावर बसून काजे करीत होता. त्याने सुई थांबवून विचारले, “भेटले का? आपण कोण त्यांचे?”

“मी त्यांचा मोठा भाऊ.”

“असं होय! कधी बोलले नाहीत. देवमाणूस आहे हो.”

‘कधी बोलले नाहीत’ हे शब्द प्राध्यापकांना लागले. या माणसाने तरी ते ऐकावे, कोणा एकासमोर तरी ते उच्चारले जावे, असे त्यांना अनावर वाटले. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली आणि सरळ उभे राहून, स्पष्ट आवाजात ते म्हणाले, “एक सांगतो. त्या आगीत माझ्या भावाचा काही हात नव्हता. त्यानं ते केलेलं नाही.”

शिंप्याने डोळे बारीक केले.

“कसली आग?”

प्राध्यापकांच्या तेव्हा ध्यानात आले की या वस्तीत कोणाला काहीच माहीत नव्हते. इथे आरोप नव्हता, खटला नव्हता, निकाल नव्हता. धाकट्याने सगळे पाठीमागे टाकून ही एवढी जागा स्वच्छ ठेवली होती. “काही नाही. जुनी गोष्ट आहे,” ते घाईने म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना कळले की ‘काही नाही’ असे म्हणणाऱ्या साक्षीदाराचे काय होते.

“नाही, म्हणजे काही जळलं होतं का?” शिंपी म्हणाला. त्याने काजाचे कापड मांडीवर ठेवले आणि मान मागे करून वर, खिडकीकडे पाहिले.